हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा पहिली दहा मिनिटं मिनिटाला २०० ठोके दाखवतो. पट्टा गेला, त्यावरची सेन्सरची डबी गेली की सेल?

पहाटधाव:
नमस्कार मंडळी. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी पुण्यात चालू आहे, धाव रोज पहाटे साडेपाचला. पट्टा १४ महिने जुना, कापडी, डबी टिचबटणांनी लागणारी. सेल सीआर२०३२, दोनच आठवड्यांपूर्वी नवा घातला.

तक्रारी अशा:
१) सुरुवातीची ८ ते १० मिनिटं आकडा १९० ते २१०. वेग साडेसात मिनिटांना किलोमीटर, म्हणजे गप्पा मारत पळता येतं. मग एकदम १३८-१४२ वर उतरतो आणि तिथेच राहतो.
२) लांबच्या धावेत अधूनमधून २०-३० सेकंद आलेख सरळ रेघ होतो, मग उडी मारून पुढे जातो. घड्याळ डाव्या मनगटावर, फोन कमरेच्या पाऊचमध्ये मागे. फोनवरचं अ‍ॅपही चालू असतं.
३) पट्टा न लावता मनगटावरच्या सेन्सरने मोजलं तर त्याच वेगाला १६५ ते १७० येतात.

ऑक्टोबरपर्यंत त्रास नव्हता, डिसेंबरात सुरू झाला. अंगात पॉलिएस्टरचा टी-शर्ट आणि वर विंडचीटर. धावून आल्यावर पट्टा डबीसकट खुंटीला टांगतो, रविवारी बाकीच्या कपड्यांबरोबर मशीनला लावतो. कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा, आणि नवीन घ्यावा का?

घाटवाट:
लगेच काही विकत घेऊ नका. उद्या फक्त एवढं करा: पट्ट्याच्या आतल्या बाजूचे दोन्ही इलेक्ट्रोड (त्वचेला टेकणारे, वीज वाहून नेणारे भाग) नळाखाली चांगले भिजवा. चार थेंब शिंपडून भागत नाही, बोट दाबल्यावर पाणी दिसलं पाहिजे. मधला, डबीमागचा भाग मात्र कोरडा ठेवा. पट्टा छातीच्या स्नायूंच्या खाली, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाशी बसवा. दोन बोटं जेमतेम आत जातील इतका घट्ट. घालून पाच मिनिटं घरातच थांबा, मग बाहेर पडा. टी-शर्ट तोच ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर काय लागू पडलं ते कळतं.

आरआर_अंतर:
घाटवाट यांनी सांगितलं ते आधी कराच. पण तुमच्या तीन तक्रारी म्हणजे तीन वेगळे दोष आहेत, एकाच औषधाने तिन्ही जाणार नाहीत. आलेखाचा आकार नीट पाहिला तर दोष कुठे आहे ते बहुतेक वेळा आलेखच सांगतो.

पट्टा हृदयाची विद्युत लहर पकडतो, ईसीजीत दिसते तीच. त्वचेवर ही लहर एक मिलिव्होल्टच्या आसपास असते. डबीतलं सर्किट तिच्यातली उंच टोकं शोधतं आणि दोन टोकांमधलं अंतर मोजतं. इतक्या बारीक लहरीला कोरडी त्वचा म्हणजे भिंतच. घाम आला की त्यातल्या मिठामुळे वाट मोकळी होते. तुमचा आकडा आठ-दहा मिनिटांनी एकदम ताळ्यावर येतो याचा अर्थ तेव्हा घाम सुटलेला असतो. ऑक्टोबरात पुण्यात तो दुसऱ्याच मिनिटाला सुटतो. डिसेंबरच्या पहाटे हवा थंड आणि कोरडी असते, म्हणून वेळ लागतो.

त्यात पॉलिएस्टर. रात्री अंधारात असा टी-शर्ट डोक्यावरून काढताना चटचट आवाज येतो, कधी ठिणगीही दिसते. तीच स्थिर वीज पळताना पट्ट्यावर घासत असते. विंडचीटर सैल असेल तर वाऱ्याने फडफडून तिच्यात भर घालतो. सर्किटला ते झटके हृदयाचे ठोकेच वाटतात. म्हणून पाणी लावूनही आकडा उड्या मारत राहिला तर दुसऱ्या दिवशी टी-शर्ट बदला: अंगालगत बसणारा, शक्यतो सुती. एरवी लांब धावेला सुती कपडा मी सुचवणार नाही, पण ही फक्त चाचणी आहे.

अजून एक शक्यता तपासा. आकडा उड्या न मारता खऱ्याच्या बरोबर दुप्पट राहतो का? ईसीजीत उंच टोकानंतर आणखी एक बुटका उंचवटा येतो. काही जणांत पट्टा विशिष्ट जागी असला की तो उंचवटाही मोठा दिसतो आणि डबी त्यालाही ठोका समजते. फोनवर आरआर अंतरं, म्हणजे लागोपाठच्या दोन उंच टोकांमधला वेळ, दाखवणारं अ‍ॅप असेल तर दोन मिनिटांची नोंद घ्या. खरे ठोके ९५ असतील तर अंतर साधारण ६३० मिलिसेकंद हवं. त्याऐवजी २६०, ३७०, २६०, ३७० अशी जोडी आलटून पालटून दिसली, तर ही दुहेरी मोजणी. स्थिर विजेत अशी शिस्त नसते, आकडे कसेही विखुरलेले असतात. दुहेरी मोजणी पाण्याने जात नाही, तिथे जागा बदलावी लागते. पट्टा दोन बोटं डावीकडे सरकवा, नाही जमलं तर दोन बोटं खाली, तरी नाही तर डबी पाठीकडे येईल असा फिरवून पाहा. प्रत्येक जागी नोंद घ्या.

दुसरी तक्रार, सरळ रेघ. हा संपर्काचा दोष वाटत नाही. संपर्क तुटला की आकडा वेडावाकडा होतो किंवा निम्म्यावर येतो, कारण ठोके गळतात. रेघ म्हणजे घड्याळाला नवीन आकडा मिळालाच नाही आणि त्याने जुनाच धरून ठेवला. ब्लूटूथ असो की एएनटी प्लस (सेन्सर आणि घड्याळ जोडणारी तशीच दुसरी बिनतारी पद्धत), दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि शरीरातलं पाणी त्या लहरी शोषून घेतं. फोन पाठीमागे, डबी पुढे, मध्ये अख्खं धड! फोन पुढे घ्या. शिवाय बऱ्याच पट्ट्यांना ब्लूटूथवर एका वेळी एकच जोडणी जमते. फोनच्या अ‍ॅपने ती आधी बळकावली तर घड्याळ उपाशी राहतं. अ‍ॅप पूर्ण बंद करा, किंवा घड्याळात एएनटी प्लस असेल तर घड्याळ त्यावर जोडा. एएनटी प्लसचं प्रसारण कितीही उपकरणं ऐकू शकतात.

एक धोका फार जणांच्या लक्षात येत नाही. पट्ट्याचा संपर्क तुटला की अनेक घड्याळं काही न सांगता मनगटाच्या सेन्सरवर जातात. मग नोंदीतली चुकीची दहा मिनिटं पट्ट्याच्या नावावर जमा होतात, पण मोजलेली असतात मनगटाने. चाचणीच्या दिवशी मनगटाचा सेन्सर सेटिंगमधून बंदच ठेवा.

तिसरी तक्रार यातूनच सुटेल असं वाटतं. तुमची मिनिटाला पावलं किती पडतात?

पहाटधाव:
नोंदीत १६६ ते १६८ दिसतात.

आरआर_अंतर:
मग मनगटाचं घड्याळ ठोके नाही, पावलं मोजतंय. मनगटावरचा सेन्सर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची लाट पाहतो. थंडीत कातडीकडे रक्त कमी येतं, घड्याळ सैल असेल तर हाताच्या झोक्याची लाट मोठी ठरते, आणि सेन्सर तिलाच चिकटतो. त्यामुळे पट्टा खरा की खोटा हे मनगटाच्या आकड्यावरून ठरवू नका. निवाडा बोटांनी करायचा. धावताना थांबा, लगेच मनगटाची किंवा गळ्याच्या एका बाजूची नाडी धरा, १० सेकंद मोजा, सहाने गुणा. १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ मोजलंत तर ठोके उतरू लागतात. एका ठोक्याची चूक झाली तरी सहाचा फरक पडतो, तेव्हा १४२ च्या जागी १३८ आले तर पट्टा बरोबर आहे. १४२ च्या जागी २०० असा प्रश्न मात्र या रीतीने दहा सेकंदांत निकालात निघतो.

तापती_सोल्डर:
सेल आणि धुणं यावर लिहितो, कारण प्रश्नातलं एक वाक्य खटकलं: पट्टा डबीसकट टांगता. ओल्या पट्ट्यातून दोन्ही टिचबटणांमध्ये वाट मिळते, आणि डबीला वाटतं कुणीतरी पट्टा घालून बसलंय. ती पट्टा सुकेपर्यंत चालूच राहते. सेल लवकर संपतो तो यामुळे. शिवाय घामाचं मीठ आणि सततची वीज एकत्र आली की टिचबटणं गंजतात. धाव संपली की निदान एका बाजूचं बटण काढा, शक्यतो डबी पूर्ण वेगळी करून पुसून ठेवा.

आता बटणं पाहा. डबीच्या बाजूला आणि पट्ट्याच्या बाजूला हिरवट किंवा पांढरी कड दिसली तर जुना टूथब्रश कोमट पाण्यात बुडवून घासा. राहिलंच तर कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन फक्त धातूवर फिरवा, इलेक्ट्रोडच्या कापडावर किंवा रबरावर नको.

धुण्याबद्दल. बाकीच्या कपड्यांबरोबर म्हणजे फॅब्रिक कंडिशनरही जात असणार. तोच इलेक्ट्रोडवर थर चढवतो, आणि त्या थरातून वीज नीट जात नाही. ब्लीचने वाहक थर उडतो. रोज धावल्यावर साध्या पाण्यातून खळबळून काढा, आठवड्यातून एकदा साध्या सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुवा, साबणाचा अंश राहणार नाही इतकं खळबळा. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, सावलीत आडवा वाळत घाला. छातीला सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लावत असाल तर पट्ट्याखालची जागा सोडून लावा.

मल्टिमीटर असेल तर पाच मिनिटांत कळेल पट्टा जिवंत आहे का. डबी काढा. मीटर ओहमवर ठेवा. एक टोक डाव्या टिचबटणावर, दुसरं डाव्याच इलेक्ट्रोडवर घट्ट दाबून धरा, मग तेच उजव्या बाजूला. आकडा प्रत्येक पट्ट्यात वेगळा येतो, काही ओहमपासून किलो-ओहमपर्यंत, पण दोन्ही बाजूंचा जवळपास सारखा हवा. एका बाजूला खूप जास्त किंवा काहीच नाही, तर ती बाजू गेली. मापताना पट्टा हळूहळू ताणा. ताणल्यावर आकडा उडत असेल तर आतली वाहक पट्टी तुटली आहे. घरात ठीक आणि पळताना बिघाड, असे पट्टे बहुधा याच प्रकारचे. शेवटी पट्टा पूर्ण सुका असताना एका बटणापासून दुसऱ्या बटणापर्यंत मापा. इथे काहीच आकडा यायला नको. आला तर मधल्या कापडात मीठ साचलंय आणि लहर छातीऐवजी तिथूनच वळसा घेतेय. धुऊन पुन्हा मापा.

सेल: नवा सेल मीटरवर ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. २.८ च्या खाली गेलेला फेकाच. पाकिटावरचा आकडा नीट वाचा. सीआर२०२५ ची जाडी २.५ मिलिमीटर आणि सीआर२०३२ ची ३.२, व्होल्ट सारखेच. पातळ सेल बसतो खरा, पण धक्क्याने संपर्क सोडतो. काही सेलवर लहान मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप असतो, काही उपकरणांत तो संपर्काच्या आड येतो. बदलताना जुना काढून ३० सेकंद थांबा, मग नवा घाला. झाकणाच्या रबरी कडीवर धूळ किंवा केस राहिला तर घाम आत शिरतो.

पहाटधाव:
चार दिवसांत केलेलं सांगतो. पहिल्या दिवशी फक्त पाणी: २०० वरून उतरायला १० ऐवजी ३ मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी पाणी आणि अंगालगतचा सुती बनियन: पहिल्या मिनिटापासून ११०, मग हळूहळू १४०. बोटांनी मोजले तेव्हा १३८. फोनचं अ‍ॅप बंद केल्यापासून सरळ रेघ आली नाही. मीटरवर डावी बाजू ४० ओहम, उजवी ४०० च्या पुढे, ताणल्यावर आणखी वाढते. कंडिशनर वापरत होतो, बरोबर ओळखलंत.

तापती_सोल्डर:
उजवी बाजू जातेय. डबी चांगली आहे, तेव्हा फक्त पट्टा घ्या, अख्खा संच नको. घेण्याआधी दोन टिचबटणांच्या मध्यांमधलं अंतर पट्टीने मोजा आणि नव्या पट्ट्याच्या मापाशी जुळवा. अनेक कंपन्यांचे पट्टे एकमेकांना चालतात, पण सगळे नाही.

घाटवाट:
नवा येईपर्यंत मेडिकलच्या दुकानातून ईसीजीचं जेल आणा. वाटाण्याएवढं दोन्ही इलेक्ट्रोडवर पसरा, मध्ये जाऊ देऊ नका. ते पहाटेच्या थंडीतही पाण्यासारखं उडून जात नाही. नंतर धुऊन टाका.

आरआर_अंतर:
वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट, कारण सगळेच चुकीचे आकडे पट्ट्याचे नसतात. ठोके अचानक १४० वरून १९० वर जाऊन तिथेच एकसारखे राहिले, आणि त्याच वेळी छातीत धडधड जाणवली, चक्कर आली, दम लागला किंवा छातीत दुखलं, तर धावणं थांबवा आणि डॉक्टरांना ईसीजी काढायला सांगा. नोंद पुसू नका, त्यांना दाखवा. पट्ट्याच्या चुकीत अंगाला काहीच जाणवत नाही. पेसमेकर असलेल्यांनी पट्टा लावण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.

सिंहगड_पायथा:
धागा उपयोगी पडला. स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या इलॅस्टिकने पट्टा दर किलोमीटरला खाली ढकलला जातो आणि आकडा निम्म्यावर येतो, त्याला काय करावं?

घाटवाट:
ताई, पट्टा इलॅस्टिकच्या खाली वेगळा लावू नका, इलॅस्टिकच्याच आत घाला, म्हणजे तेच त्याला दाबून धरेल. मग पट्टा स्वतः एक घर सैल करा, नाहीतर श्वासाला अडचण होते आणि कातडी सोलते. इलेक्ट्रोडचा एखादा कोपरा इलॅस्टिकच्या शिवणीवर चढला नाही ना, ते आरशात पाहून घ्या. तिथे कोपरा उचलला गेला की ठोके गळतात.