मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्ड ओटीजीत भाजून खरंच सुरू होतं का?

वाफाळता_चहा
डेस्कटॉपमधलं नऊ-दहा वर्षं जुनं ग्राफिक्स कार्ड आहे, सहा पिनांची एक जोडणी, दोन पंखे. स्क्रीनवर उभ्या रंगीत रेघा येतात, बायोसच्या (विंडोज सुरू होण्याआधी दिसणाऱ्या सेटिंगच्या) पानावरसुद्धा. ड्रायव्हर काढून परत टाकले, काही फरक नाही. वॉरंटी कधीच संपली. नेटवर जो तो सांगतो की कार्ड ओव्हनमध्ये २०० अंशांवर ८-१० मिनिटं ठेवा. घरात ओटीजी आहे. हे कशामुळे चालतं? करायचं तर नीट पद्धत काय? आणि नंतर त्यात केक करता येईल का?

टाका_पक्का
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. तापलेल्या फ्लक्सचा (टाका घालताना लावतात त्या रसायनाचा) आणि प्लास्टिकचा धूर आतल्या पत्र्यावर बसतो. एकदा कार्ड भाजलंत की तो ओटीजी स्वयंपाकघरातून कायमचा बाहेर.

बायोसमध्येच रेघा आहेत म्हणजे विंडोज आणि ड्रायव्हर सुटले. पण भट्टी पेटवण्याआधी फुकटातले उपाय करून घ्या. कार्ड काढा. स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी पट्ट्या मऊ पांढऱ्या खोडरबराने, पट्टीच्या लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने घासा. चुरा ब्रशने झाडा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर लावू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. स्लॉटमध्ये काहीही कोचू नका, कोरडा ब्रश पुरे. जमल्यास दुसऱ्या पीसीत आणि दुसऱ्या केबलवरही कार्ड लावून बघा.

एसएमपीएसची (पीसीला वीज देणाऱ्या डब्याची) पिवळी, १२ व्होल्टची तार लोडवर, म्हणजे गेमसारखं जड काम चालू असताना, मल्टीमीटरने मोजा. ११.४ ते १२.६ व्होल्टच्या बाहेर असेल तर कार्ड बिचारं निर्दोष असू शकतं. प्रोबचं टोक शेजारच्या पिनला टेकू देऊ नका. सहा पिनांच्या प्लगमधली एखादी पिन काळी पडली आहे का, तेही बघा.

हीटसिंक (चिपवरचा उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) उघडलाच तर त्याच्याखालची थर्मल पेस्ट बदला. मेमरीवरचे पॅड बदलताना मात्र जाडी जुन्याइतकीच घ्या. १ मिमीच्या जागी १.५ मिमीचा पॅड घातला की हीटसिंक मुख्य चिपवरून उचलला जातो, आणि 'पेस्ट बदलल्यावर जास्तच तापतंय' अशी तक्रार सुरू होते.

बीजीए_भट्टी
'ओव्हनमध्ये सुटलेला टाका वितळून परत बसतो' ही समजूत आधी डोक्यातून काढा. १ जुलै २००६ पासून युरोपात शिशावर निर्बंध आले आणि उत्पादकांनी जवळपास सगळीकडेच बिनशिशाचं सोल्डर धरलं. ते २१७ ते २२० अंशांना वितळतं. २०० अंशांवर ते वितळतच नाही. जुनं शिशाचं सोल्डर १८३ ला वितळायचं, कृती बहुधा त्याच हिशेबाने फिरत राहिली आहे.

मग कार्ड सुरू का होतं? दोष बऱ्याचदा बोर्डाच्या टाक्यात नसतोच. सिलिकॉनचा तुकडा चिपच्या हिरव्या तळपट्टीला ज्या बारीक ठिपक्यांनी जोडलेला असतो, त्या बंपना तडा गेलेला असतो. तापल्यावर सगळं प्रसरण पावतं, तड्याच्या दोन्ही बाजू पुन्हा टेकतात, आणि कार्ड काही दिवस किंवा आठवडे चालतं. रोजच्या तापण्या-निवण्यात जोड परत सुटतो. २००६-०८ च्या सुमाराच्या अनेक चिप्सच्या बंपमध्ये शिसं भरपूर असायचं आणि ते मिश्रण ३०० अंशांच्या वर वितळतं. तिथवर घरची भट्टी पोचत नाही, आणि पोचली तर बोर्ड जळेल.

हा दोष काही नवा नाही. जुलै २००८ मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने लॅपटॉपच्या काही चिप्सच्या पॅकेजिंगमधल्या कमकुवतपणासाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. बंद पडलेला 'एक्सबॉक्स ३६०' हा गेम कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून तापवण्याचा तोडगाही याच जातीचा.

म्हणून नुसतं रिबॉलिंग (चिप उचलून तिच्याखालचे सोल्डरचे गोळे बदलणं) करून देतो म्हणणाऱ्यालाही जपून. खालचे गोळे नवे बसतात, आतला तडा जातो तसाच राहतो. खरा उपाय चिप बदलणं, आणि जुन्या कार्डाला तो क्वचितच परवडतो.

टाका_पक्का
वरच्याशी सहमत. तरी कार्ड भंगारातच जाणार असेल आणि करून बघायचंच असेल, तर निदान असं करा.

पंखे, हीटसिंक, मागचा पत्रा, प्लास्टिक, स्टिकर, पॅड सगळं उतरवा, जुनी पेस्ट साफ करा. डोक्यावर खाच कोरलेले गोल कपॅसिटर दिसले तर थांबा. त्यांच्यात द्रव असतो, ते १०५ अंशांसाठी बनवलेले असतात, २०० ला फुगून फुटतात. बाकी प्लास्टिकच्या जोडण्यांवर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे दोन-तीन थर द्या. फॉइलचे चार गोळे करून चार कोपऱ्यांखाली ठेवा, मुख्य चिप वरच्या बाजूला.

ओटीजीच्या नॉबवर विश्वास नको. वीस अंशांचा फरक सहज असतो, आणि लालभडक कॉइलसमोर आलेला भाग त्याहून जास्त तापतो. मल्टीमीटरची तापमान मोजणारी थर्मोकपल तार कार्डाशेजारी ठेवून मोजा. आधी १९५-२०० अंश स्थिर होऊ द्या, मग कार्ड आत, ८ मिनिटं. बंद करून दार उघडा आणि थंड होईपर्यंत हात लावू नका. कुठे तापमान चढून टाका मऊ झाला असेल, तर एका धक्क्यात बारीक भाग सरकतात. खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट चालू.

कोरडी_हवा
एक भर. चिपच्या काळ्या आवरणात हवेतला दमटपणा मुरतो. एकदम २०० वर नेलं की आत वाफ होते आणि थर लाह्यांसारखे फुटतात. कारखान्यात दमट चिप्स आधी १२५ अंशांवर कित्येक तास सुकवतात ते यासाठीच. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात किंवा मुंबईत हा प्रयोग म्हणजे उरलीसुरली आशाही संपवणं.

वाफाळता_चहा
सगळ्यांचे आभार. खोडरबर, केबल, दुसरा पीसी झालं, रेघा तशाच. लोडवर ११.९ व्होल्ट. कपॅसिटर सपाट, खाच नसलेले. एक सापडलं: आफ्टरबर्नर या कार्डाचं सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीचा क्लॉक (वेग) ४०० मेगाहर्ट्झने उतरवला की विंडोजमध्ये रेघा जवळपास जातात. आता भाजू का?

बीजीए_भट्टी
आता तर नकोच. क्लॉक उतरवल्यावर रेघा कमी होतात म्हणजे संशय मुख्य चिपवरून मेमरीच्या एखाद्या चिपवर जातो. बीजीए मशीन (खाली सोल्डरचे गोळे असलेल्या चिप काढायचं-बसवायचं यंत्र) असलेल्या माणसाला 'मेमरी टेस्ट करून खराब बँक (मेमरीचा भाग) सांगा' असं विचारा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे कारागीर मिळतात. तपासणीचं सॉफ्टवेअर कोणती चिप ते नेमकं दाखवतं. त्याच क्रमांकाची चिप दुसऱ्या मेलेल्या कार्डावरून काढून बसवता येते, आणि मुख्य चिप बदलण्यापेक्षा हे बरंच स्वस्त पडतं. तोवर उतरवलेल्या क्लॉकवर वापरा, संगणक सुरू होताना तेच सेटिंग लागू होईल असं करून ठेवा. बायोसच्या पानावर रेघा दिसतीलच, तिकडे दुर्लक्ष करा.

जुनं_ते_सोनं
विषयाला धरून: सेकंडहँड कार्ड घेताना ते भाजलेलं आहे हे कसं ओळखायचं?

टाका_पक्का
हीटसिंक काढून दाखवायला सांगा, नाही म्हणाला तर सोडून द्या. बोर्डावरचे बारकोडचे कागद तपकिरी किंवा गायब. मॉनिटरच्या जोडणीतलं प्लास्टिक किंचित वाकलेलं, केबल अडकत जाते. चिपभोवती फ्लक्सची चकाकी. कार्ड काचेवर आडवं ठेवून बघा, मध्ये बाक आलेला असतो. जळकट वासही येतो, पण विकणारे अल्कोहोलने धुतात, त्यामुळे नाकावर विसंबू नका. पैसे देण्याआधी अर्धा तास लोडवर चालवा, बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, मग परत सुरू करा. भाजलेली कार्डं त्या थंड सुरुवातीला दगा देऊ शकतात.