निर्जीव, अजैविक की आणखी काही? टुंड्राच्या मातीपाशी अडले आहे

पानगळ : मुलांच्या एका पुस्तकाचं भाषांतर करतेय, विषय टुंड्रा, म्हणजे उत्तर ध्रुवाकडचा थंड, झाडं नसलेला प्रदेश. मी लिहिलं होतं, 'इथले सजीव आणि निर्जीव घटक एकमेकांना धरून असतात.' संपादकांनी सगळीकडे 'निर्जीव' खोडून 'अजैविक' केलं. तेही चाललं असतं, पण पुढच्याच पानावर अडले. उन्हाळ्यात टुंड्राची वरची माती तेवढी सुटते, खालची वर्षानुवर्षं गोठलेलीच. त्या थरात हजारो वर्षांपूर्वीची मुळं, गवत, पानं न कुजता पडून आहेत. ती सजीव नाहीत. अजैविक म्हणावं तर जिवापासूनच आलेली. आणि गोठण सुटली की जिवाणू त्यांच्यावरच जगतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन बाहेर पडतो. या मुळांना काय म्हणू?

निवृत्त मास्तर : पानगळताई, तुमचा मूळ शब्दच बरोबर आहे, फक्त जागा चुकली. 'निर्' म्हणजे बाहेर पडलेला. ज्यातून जीव निघून गेला ते निर्जीव. तुमची मुळं निर्जीव. दगडात जीव कधी नव्हताच, तो 'अजीव'. शाळेत आम्ही दगडाला निर्जीव शिकवत आलो ते चूक होतं असं माझं ठाम मत आहे.

मिठागर : मास्तर, मग निर्मळ पाण्यात आधी मळ होता का? निर्दोष माणसात आधी दोष होता का? उपसर्गावरून एवढा निवाडा होत नाही. चार पिढ्या दगडाला निर्जीव म्हणताहेत, तोच त्याचा अर्थ.

बस्तीकर : 'अजीव' जपून वापरा. आम्ही सांगलीकडचे जैन, आमच्याकडे ती पक्की संज्ञा आहे आणि तिच्यात आकाश आणि काळसुद्धा येतात. उलट पाणी आणि बर्फ मात्र जीवांत, अप्काय, म्हणजे पाणी हेच ज्यांचं शरीर असे जीव. माझी आजी बर्फाचा गोळा कधी हातात धरू द्यायची नाही. तिच्या हिशेबाने तुमचा टुंड्रा वरपासून खालपर्यंत सजीवच आहे.

द्राक्षबाग : आमच्या तासगावात कुणालाही विचारा, लगेच सांगेल. ट्रायकोडर्मा ही बुरशी, रायझोबियम हे जिवाणू, हे जैविक, कारण पाकिटात जिवंत जंतू असतात, तारीख उलटली की उपयोग संपला. शेणखत, पालापाचोळा हे सेंद्रिय, म्हणजे जिवापासून आलेलं पण आता जिवंत नसलेलं. तुमची मुळं सेंद्रिय. दुकानदारांनी दोन्ही शब्दांचा काला केलाय, शेतकऱ्याने नाही.

पानगळ : हे फार पटलं. 'गोठलेल्या थरातले सेंद्रिय अवशेष'. पण दहा वर्षांच्या मुलीला सेंद्रिय म्हटलं की गूळ आठवतो. आणि त्या थराला काय म्हणू? 'नित्यतुहिन' (तुहिन म्हणजे हिम) असा एक पर्याय सुचवला गेलाय.

मिठागर : तुहिन कुणाच्या तोंडी आहे? 'कायम गोठलेली जमीन' लिहा, सरळ.

ट्रोम्सोकर : 'कायम' आणि 'तुहिन' दोन्ही चुकतात. व्याख्या इतकीच, की जमीन सलग दोन वर्षं तरी शून्य अंशाला किंवा त्याखाली असली पाहिजे. पाणी असायलाच हवं असंही नाही, कोरडा खडकही त्यात येतो. आणि 'कायम' शब्दाने मुलांना खोटा धीर मिळतो. हवेत आज जेवढा कार्बन आहे त्याच्या साधारण दुप्पट या जमिनीत साठलाय, आणि ती सुटायला लागली आहे. मी 'गोठजमीन' म्हणेन.

एक शब्द इकडचा, उत्तर नॉर्वेतला, सांगतो. इथल्या रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांत 'गुओहतुन' म्हणतात. बर्फाखालचा चारा रेनडिअरला खुराने उकरून मिळेल का, कितपत मिळेल, ती स्थिती. बर्फ, चारा, जनावर तिन्ही एका शब्दात. २०१३च्या नोव्हेंबरात सायबेरियातल्या यामाल द्वीपकल्पावर बर्फावर पाऊस पडला आणि वर काचेसारखा थर गोठला. चारा खाली होता तसाच होता. सुमारे ६१,००० रेनडिअर उपाशी मेले. तुमच्या 'एकमेकांना धरून असतात' या वाक्याला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पानगळ : हे लेखिकेला नक्की कळवते. चारा म्हणजे ते रेनडिअरचं मॉस ना? मी 'शेवाळ' केलंय.

ट्रोम्सोकर : नका करू! नावात मॉस आहे, पण ते शेवाळ नाही, दगडफूल आहे. बुरशी आणि सूक्ष्म शैवाल (अल्गी, मॉस नव्हे) यांचा एकत्र संसार. वर्षाला काही मिलिमीटर वाढतं, एकदा तुडवलं गेलं की भरून यायला दशकं लागतात.

निवृत्त मास्तर : दगडफूल! पाहा, दगड आणि फूल, अजीव आणि सजीव. मराठीने हा विषय आधीच एका शब्दात बांधून ठेवलाय.

मिठागर : मास्तर, मसाल्याचं दगडफूल झाडाच्या सालीवरही वाढतं. आणि तो गोड्या मसाल्यातला जिन्नस आहे, रेनडिअरच्या चाऱ्याला ते नाव दिलं तर मुलांचा गोंधळ होईल. 'लायकेन' हा इंग्रजी शब्दच ठेवा.

द्राक्षबाग : का गोंधळ होईल? डब्यातलं दगडफूल काढून मुलांच्या हातावर ठेवा. एक बाजू राखाडी, दुसरी काळी, कडा कुरळ्या. पाण्यात टाकलं की खुडखुडीत पापुद्रा कातड्यासारखा मऊ होतो. लायकेन म्हटल्यावर यातलं काय डोळ्यांपुढे येणार?

बस्तीकर : आमच्याकडे त्याला धोंडफूल म्हणतात. दगडफूल आणि धोंडफूल एकच की वेगळं, यावर घरी नेहमी वाद होतो. कोकणात काय म्हणतात कुणी सांगेल का?