‘बिझनेस ऑब्जेक्ट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न :
पदविकेच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढते आहे. बहुस्तरीय डेटाबेस प्रणालीच्या धड्यात ‘बिझनेस ऑब्जेक्ट’पाशी अडले. ‘व्यवसाय-वस्तू’ लिहिलं तर मुलांना तो दुकानातला माल वाटला. शिवाय ‘टिअर’ आणि ‘लेअर’ दोन्हींना ‘स्तर’च म्हणायचं का?

उत्तर :
ताई, मुलांचं चुकलं नाही. २०१७ साली ‘वस्तू व सेवा कर’ आला, तेव्हापासून ‘वस्तू’ म्हणजे माल हे डोक्यात पक्कं बसलंय. आणि इथे ‘बिझनेस’चा अर्थ धंदा नव्हेच. ज्या कामासाठी प्रणाली बनवतोय ते कामकाज, मग ते शाळेचं असो की ग्रंथालयाचं. म्हणून मी ‘कामकाज-घटक’ म्हणतो.

‘ऑब्जेक्ट’चा घोळ जास्त खोल आहे. व्याकरणात त्याला आपण ‘कर्म’ म्हणतो, म्हणजे ज्याच्यावर क्रिया घडते ते. प्रोग्रॅमिंगमधलं ऑब्जेक्ट मात्र कर्त्यासारखं वागतं. मी दूध संस्थांसाठी प्रणाली लिहितो, तिथलंच सांगतो. सकाळी काट्यावर दूध मोजलं, फॅट ३.५, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) ८.५ लागलं. नवशिका काय करतो? पडद्यावरच्या बटणामागेच दराचं गणित लिहितो. मग दहा दिवसांच्या अहवालात तेच गणित पुन्हा. आमच्या एका संस्थेत असंच झालं होतं. दरपत्रक बदललं, अहवालातलं गणित बदललं, बटणामागचं राहिलं. पावतीवर एक रक्कम, बिलात दुसरी. सभासद पावत्यांची चळत घेऊन दारात उभे राहिले, आणि चूक आमची होती.

ते गणित पडदा आणि डेटाबेस यांच्या मधल्या स्तरात, ‘पावती’ या घटकाच्या पोटात ठेवायचं. पावतीला लिटर, फॅट, एसएनएफ आणि तारीख माहीत असते. त्या तारखेला लागू असलेला दर शोधून ती आपली रक्कम आपणच काढते. पडद्याने फक्त विचारायचं, डेटाबेसने फक्त जपून ठेवायचं. मुलांना वाक्य करायला सांगा: ‘प्रणाली पावतीची रक्कम काढते’ आणि ‘पावती आपली रक्कम काढते’. दुसरं वाक्य पटलं की निम्मा धडा झाला.

प्रश्न :
म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक तक्त्याला एक घटक, असं सांगू?

उत्तर :
नका सांगू, तिथेच मुलं फसतात. आमच्याकडे शेतकरी दहा दिवसांच्या बिलाला ‘दुधाचा पगार’ म्हणतात. हा पगार तीन तक्त्यांतून उभा राहतो: पावत्या, उचल आणि पशुखाद्याची कपात. घटक मात्र एकच, ‘पगार’. शहरातून आलेल्या आमच्या एका सहकाऱ्याने हा शब्द वाचला आणि संस्थेच्या कर्मचाऱ्यांचं वेतन समजून आराखडा काढला. दोन दिवस वाया गेले. म्हणून घटकाला नाव देण्याआधी काट्याजवळ जाऊन उभं राहावं आणि तिथे लोक काय बोलतात ते ऐकावं. ‘उचल’ला ‘अग्रिम’ केलं की संस्थेचा सचिव आराखडा वाचूच शकत नाही, आणि चूक दाखवून देणारा माणूस तोच असतो.

आणखी एक मत :
‘व्यवहारवस्तू’ कसा वाटतो? भारदस्त आहे.

उत्तर :
शब्द देखणा आहे, पण ‘व्यवहार’ डेटाबेसमध्ये ‘ट्रान्झॅक्शन’साठी लागतो. पगार काढताना उचल वजा होणं आणि बाकी रक्कम खात्यावर जमा होणं, हे दोन्ही व्हायला हवं नाहीतर एकही नको. तो व्यवहार. एकच शब्द दोन्हीकडे वापरला तर त्याच धड्यात मुलं गोंधळतील.

‘टिअर’साठी ‘स्तर’ ठेवा. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत यांमुळे ‘त्रिस्तरीय’ हा शब्द मुलांच्या कानावर असतोच. ‘लेअर’ला ‘थर’ म्हणा. स्तर वेगवेगळ्या यंत्रांवर असू शकतात. थर ही कोडची आतली मांडणी. लहान संस्थेत तिन्ही थर एकाच संगणकावर असतात, तरी ते वेगळेच लिहावेत. पुढे शाखा निघाली की डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर न्यायला सोपं जातं.

प्रश्न :
शेवटचं एक. ‘ते ऑब्जेक्ट’ की ‘तो ऑब्जेक्ट’?

उत्तर :
मी ‘ते’ म्हणतो, कचेरीत ‘तो’ही ऐकू येतो. टिपणात व्याख्येपुरतं ‘बिझनेस ऑब्जेक्ट’ एकदा लिहा, पुढे ‘घटक’, म्हणजे ‘तो’ आपोआप येईल. उदाहरणात मात्र सरळ ‘पावती’, ‘पगार’, ‘सभासद’ लिहा.