इलेक्ट्रिक शॉवर सहा-सात मिनिटांनी एमसीबी पाडतोय, दोष नक्की कुठे असेल?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. बाथरूममधला इलेक्ट्रिक शॉवर (टाकीवाला गीझर नाही, पाणी जाता जाता तापवतो तो) गेले तीन आठवडे एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा खटका) पाडतोय. लगेच पडत नाही म्हणून तर डोकं चालेना. सहा-सात मिनिटं मस्त गरम पाणी येतं आणि मग खट्ट, पुढच्या क्षणी अंगावर गारढोण पाणी. माझं निभतं हो, पण बाबा ७६ वर्षांचे आहेत, परवा डोक्याला साबण तसाच, भिंत धरून कुडकुडत उभे होते बिचारे. तेव्हापासून ते आंघोळीला गेले की मी बोर्डापाशीच उभी राहते.

शॉवरवर ८.५ किलोवॅट, २३० व्होल्ट लिहिलंय, एमसीबीवर सी ३२, म्हणजे ३२ अँपिअरचा. वायर ६ स्क्वेअर एमएमची, जुन्या शॉवरच्या वेळची. तो ७ किलोवॅटचा होता आणि इतकी वर्षं चालला, कधी पडला नाही. नवा बसवून आठ महिने झाले, बसवणाऱ्याने वायर आणि एमसीबी तेच ठेवले, उन्हाळ्यात काहीच त्रास नव्हता.

घड्याळ लावून बघितलं. नॉब अर्ध्यावर असेल तर वीस मिनिटं चालवला तरी पडत नाही. फुलवर एकदा ६ मिनिटं ४० सेकंद, एकदा सातच्या थोडं पुढे. पडल्यावर खटका लगेच वर केला तर राहतच नाही, दोन-तीन मिनिटं थांबावं लागतं, आणि त्यानंतर मात्र तीन मिनिटांच्या आतच परत पडतो. टेस्ट बटणवाली आरसीसीबी (वीज गळली की पडते ती) वेगळी आहे, ती एकदाही पडली नाही.

ओळखीतले एकजण म्हणाले ४० चा एमसीबी टाक, विषय संपला. मला ते पटत नाहीये, एमसीबी वायर वाचवायलाच असतो ना? दुसरे म्हणतात एलिमेंट गेलं. कुणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, ४० चा अजिबात टाकू नका, तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. ६ ची वायर पाइपातून, भिंतीतून गेली असेल तर तिला ४० झेपेलच असं नाही, आणि मग एमसीबी पडायच्या आधी वायर तापेल, तीही भिंतीच्या आत, जिथे कुणाला दिसत नाही.

एलिमेंटला चीर जाऊन पाणी शिरलं असतं तर गळती अर्थिंगला गेली असती आणि आरसीसीबी पडली असती. शॉर्ट असता तर एमसीबी चालू करताक्षणी पडला असता. तुमचा वेळ घेऊन पडतोय, म्हणजे आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकतेय, म्हणूनच ती गार होईपर्यंत खटका धरत नाही. आता हिशेब बघा, ८५०० भागिले २३० म्हणजे ३७ अँपिअर, जुना ७००० वाला ३० च्या आसपास होता. म्हणजे ३२ च्या एमसीबीवर रोज ३७ चा भार. पण नुसत्या एवढ्याने सात मिनिटांत पडायला नको! एमसीबी रेटिंगच्या १.१३ पट भारावर तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटीवर तासाभरात पडायलाच हवा, तुमचं १.१६ पट होतंय, काठावरचं. म्हणजे पट्टीला आणखी कुठून तरी उष्णता मिळतेय. माझा संशय ढिल्या स्क्रूवर. पडल्यानंतर त्या एमसीबीच्या पुढच्या प्लास्टिकला हाताची पाठ लावून बघा आणि शेजारच्याला लावून बघा. कव्हर मात्र स्वतः उघडू नका.

धागाकर्ती:
लावून बघितला. शेजारचे गार आणि हा इतका गरम की हात ठेववेना, शिवाय जवळ गेल्यावर जळक्या प्लास्टिकचा वास. त्याच क्षणी शॉवर वापरणं बंद केलं. आज वायरमनदादा आले, मेन बंद करून, टेस्टर लावून खात्री करून त्यांनी कव्हर काढलं, मी बॅटरी धरून उभी होते. खालच्या स्क्रूभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालेलं, फेजच्या वायरचं इन्शुलेशन बोटाच्या पेराएवढ्या लांबीपर्यंत कडक झालेलं, दादांनी नखाने दाबलं तर टवका निघाला. स्क्रू चक्क दीड फेरा फिरला! आठ महिन्यांपूर्वी नीट आवळलाच नव्हता बहुतेक. त्यांनी जळलेला भाग कापला, नवा सी ३२ टाकला. मेगर (गळती तपासायचं मीटर) लावून एलिमेंटही तपासलं, ते ठणठणीत आहे. एक शंका, ते म्हणाले थंडीत पाणी गार येतं म्हणून लोड वाढतो, हे खरं का?

प्रतिसाद:
लोड पाण्यावर नाही, नॉबवर ठरतो. फुलवर एलिमेंट तेवढेच अँपिअर खेचणार, पाणी कसंही येवो. थंडीत फरक एवढाच की आपण नॉब फुलवर नेतो आणि जास्त वेळ उभे राहतो. उन्हाळ्यात तुमचा अर्ध्यावरच असणार, म्हणून दोष झाकला गेला. व्होल्टेजने मात्र फरक पडतो, २४० झालं की तोच शॉवर ३८ च्या पुढे जातो. स्क्रू आवळला तरी ३२ वर ३७ हे चुकीचंच. १० स्क्वेअर एमएमची वायर आणि ४० चा एमसीबी, दोन्ही एकदम, नाहीतर ७ किलोवॅटचा शॉवर. आणि बाथरूमबाहेरचा डबल पोल स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) उघडून बघितला का? तिथेही हेच झालेलं असतं बऱ्याचदा.

धागाकर्ती:
स्विच राहिलाच की! दादांना उद्या परत बोलावलंय, तोवर शॉवर बंदच, बाबांना बादलीत पाणी तापवून देते. त्या पाइपातून १० ची वायर सरकते का तेही उद्याच बघायचंय, दोन वळणं आहेत मध्ये. नाही सरकली तर मध्येच जॉइंट मारून काम भागवू द्यायचं नाही, हे बरोबर ना? तसं असेल तर सरळ ७ किलोवॅटचाच शॉवर घेईन, पाण्याची धार थोडी बारीक ठेवावी लागली तरी चालेल.