भाऊ १४ महिने कच्चा कैदी, सुटणार कधी?

प्रश्न: धाकट्यावर मोटरसायकल चोरीची केस आहे, पहिलीच. जामीन दोनदा फेटाळला. परवा तुरुंगात भेटायला गेलो तर म्हणाला, "दादा, बराकीत कुशीवरच झोपतो, पाठ टेकायला जागा नाही." काय करू?

उत्तर १: साधी चोरी ना? कमाल शिक्षा ३ वर्षं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ४७९ बघा. आधी कधी शिक्षा झाली नसेल, तर एक तृतीयांश काळ, म्हणजे १ वर्ष काढल्यावर बंधपत्रावर (कोर्टात हजर राहण्याची लेखी हमी) सोडायचं असतं. कोर्टात अर्ज तुरुंग अधीक्षकांनीच करायचा. (करतात का, ते विचारू नका!) तुम्ही लेखी आठवण द्या, पोच घ्या.

उत्तर २: दुसरी केस प्रलंबित असेल तर हे चालत नाही हं.

प्रश्नकर्ता: दुसरी नाही. पण वकिलाची फी?

उत्तर १: जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला वकील फुकट, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही.