मदत हवी आहे: रीफ टँकच्या सम्पमध्ये रिफ्युजियम नक्की कुठे ठेवू?

नमस्कार मंडळी, रीफ टँकखाली (कोरलच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीखाली) सम्प, म्हणजे फिल्टरची खालची टाकी, करायचाय, काच कापायला टाकायच्या आधी प्लॅन जाणकारांच्या नजरेखालून गेलेला बरा. वरची टाकी १२० × ६० × ६० सेंमी, सॉफ्ट कोरल आणि थोडे एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कडक कोरल), क्लाउनफिशची जोडी. पुढेमागे मँडरिन मासा आणायचं फार मनात आहे, म्हणून रिफ्युजियमचा (शेवाळ वाढवायचा, मासे नसलेला कप्पा) एवढा आग्रह. तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) टिपत फिरतो आणि कोपेपॉडना मासे नसलेली जागा मिळाली नाही तर काही महिन्यांत फडशा पाडतो.

स्टँडमध्ये ९० × ४५ × ४० चा सम्प बसतोय, म्हणजे काठोकाठ १६२ लिटर. रिटर्नचं (पाणी वर परत नेणाऱ्या पाइपचं) तोंड पाण्याखाली ३ सेंमी ठेवलं तर लाइट गेल्यावर वरून साधारण २२ लिटर खाली येणार, पाइप आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं मिळून ३० धरू. सम्पची पातळी २३ सेंमी ठेवली तर वर ६८ लिटरची जागा मोकळी राहते. सायफन तुटावा म्हणून पाइपला भोक पाडणारच आहे, पण त्यात गोगलगाय बसली किंवा कोरलाइन शेवाळ चढलं की ते बुजतं, तेव्हा हिशोब भोक नाहीच असं धरून केलाय. चेक व्हॉल्व्हवर तर माझा अजिबात विश्वास नाही, कॅल्शियमचा थर बसला की तो नीट मिटत नाही.

आता अडलंय ते इथे. पहिला पर्याय सरळ रांगेचा, ड्रेन, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र), रिफ्युजियम, बबल ट्रॅप (बुडबुडे अडवणारा कप्पा), रिटर्न. बांधायला सोपा, पण तासाला १५०० लिटर पाणी सगळंच्या सगळं रिफ्युजियममधून जाणार, फ्लो कमीजास्त करायची सोयच नाही. दुसरा म्हणजे एका टोकाला स्किमर, दुसऱ्या टोकाला रिफ्युजियम आणि मध्ये रिटर्न. यात कोपेपॉड स्किमरला न भेटता थेट पंपात जातात आणि फ्लो व्हॉल्व्हने ठरवता येतो, म्हणून माझा कल याच्याकडे आहे. पण रिफ्युजियमला पाणी द्यायचं कुठून? ड्रेनला टी मारला तर हर्बी ड्रेनचा (व्हॉल्व्हने जुळवून पूर्ण सायफनवर चालवायचा ड्रेन) गेट व्हॉल्व्ह जुळवताना त्रास होईल असं वाटतं, कारण एकीकडे हात लावला की दुसरीकडची पातळी हलणार. रिटर्न पंपातून फाटा काढला तर पाणी स्थिर मिळेल, पण पंप मोठा घ्यावा लागेल ना?

मध्ये रिटर्नला २० सेंमीच उरतात. बाष्पीभवन सगळं त्याच कप्प्यात दिसणार, दिवसाला ४ लिटर उडालं तरी पातळी साडेचार सेंमी खाली, म्हणजे ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) एक-दोन दिवस बंद पडला की पंप हवा ओढायला लागेल. कप्पा रुंद करायचा तर रिफ्युजियम कापावं लागतं आणि ते जिवावर येतंय.

शेवाळ कीटोच लावणार, कॉलर्पा नको, ती प्रजननपेशी सोडून एका रात्रीत विरघळली की सगळं पोषण परत पाण्यात. लाइट वरच्या टाकीच्या उलट वेळेला, म्हणजे रात्री पीएच फार पडणार नाही. नायट्रेट सध्या १० च्या आसपास आहे, शून्यावर न्यायचं नाहीये, डायनोची (डायनोफ्लॅजेलेट, एक चिवट तपकिरी थर) भीती.

ज्यांनी रिटर्नमधून फाटा काढून रिफ्युजियम चालवलंय त्यांनी प्लीज सांगा, फ्लो किती ठेवता आणि तो व्हॉल्व्ह कितीदा साफ करावा लागतो?