पाणीवापर संस्था आणि शासनाची जबाबदारी
पाणीवापर संस्था, म्हणजे कालव्याचे पाणी घेऊन आपसात वाटणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्था, काढणे म्हणजे शासनाने अंग काढून घेणे, हे मत मला पटत नाही. सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवणाऱ्या महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्याने संस्थेला घनमापन पद्धतीने, म्हणजे पाण्याचे आकारमान मोजून, पाणी घेण्याचा हक्क दिला आहे. मात्र वितरिकेच्या (कालव्याच्या शाखेच्या) तोंडाशी मोजमापाची व्यवस्थाच नादुरुस्त असेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात, जिथे म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून आणावे लागते, तिथे हे फारच कळीचे आहे, कारण शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचले नाही की पाणीपट्टी थकते आणि तिच्या मागोमाग पंपांच्या वीजबिलाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून आवर्तनाचे (कालव्यात पाणी सोडण्याच्या पाळ्यांचे) वेळापत्रक शासनाच्या शाखा अभियंत्याने संस्थेच्या संचालकांसोबत बसूनच ठरवावे आणि ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे, असा माझा आग्रह आहे.